घटना आमची, चावी त्याची

ज्याला राजा व्हायचंय त्याने खुशाल स्वतःचं मायक्रोनेशन काढून राजा व्हावं. पण मग 'हा देश तुमचा आहे, घटना लिहा, निवडणूक लढवा' असं सांगून लोकांना रात्र रात्र राबवून घेऊ नये. माझा सगळा राग एवढ्याचसाठी आहे आणि तो अजून उतरत नाहीये.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: मायक्रोनेशन म्हणजे कुणीतरी स्वतःच जाहीर केलेला चिमुकला देश. जगातलं कुठलंही सरकार त्याला देश मानत नाही. काहींकडे निदान जागा तरी असते. इंग्लंडच्या किनाऱ्यापलीकडे समुद्रात दुसऱ्या महायुद्धातला एक लष्करी मनोरा आहे, त्यावर १९६७ मध्ये सीलँड सुरू झालं. ऑस्ट्रेलियात लेनर्ड कॅसली नावाच्या शेतकऱ्याचं गव्हाच्या कोट्यावरून सरकारशी वाजलं आणि १९७० मध्ये त्याने आपली शेतीच वेगळी काढल्याचं जाहीर केलं. ते हट रिव्हर २०२० पर्यंत चाललं. बाकी बहुतेकांचा कारभार ऑनलाइनच. मी गेले तो देशही तसाच, डिस्कॉर्ड या गटाने गप्पा मारायच्या अ‍ॅपवरचा. त्याचं नाव इथे लिहिणार नाही, त्याला माझ्याकडून फुकटची प्रसिद्धी मिळायला नको.

पुण्यातून आम्ही दोघं होतो. मी कोथरूडची आणि पाषाणला राहणारा, लॉ करणारा एक मुलगा. फॉर्म भरला, शपथ टाइप केली, नागरिकत्वाचं प्रमाणपत्र पीडीएफमध्ये आलं. इथवर सगळं झटपट. खरं काम त्यानंतर सुरू झालं, कारण तिथे घटना लिहायची होती आणि त्यासाठीच तर मी गेले होते. आपण मत देतो, कर भरतो, पण एखादं कलम स्वतः लिहायचं, त्यावर अनोळखी माणसांशी शब्दाशब्दावरून भांडायचं आणि मग ते मंजूर करून घ्यायचं, ही संधी सामान्य माणसाला कुठे मिळते? मला ते मनापासून करायचं होतं.

बैठका युरोपातल्या लोकांच्या सोयीने. त्यांचे रात्रीचे नऊ म्हणजे हिवाळ्यात आपले मध्यरात्रीनंतरचे दीड. हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून घरी यायचं, जेवण उरकायचं आणि मग हेडफोन लावून जागत बसायचं. आई म्हणायची, "अगं झोप आता, सकाळी पुन्हा बस पकडायचीये." तरी बसायचे, कारण मसुदा समितीत कामाची माणसं मोजकीच होती. वेळ फिरती ठेवा, एकदा त्यांच्या सोयीची, एकदा आपल्या, असं त्या मुलाने किती वेळा सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी.

आणि बाकीचे नागरिक काय करत होते? पदव्या मागत होते! ड्यूक, बॅरन, काउंट. ज्याने आयुष्यात एक ओळ मसुदा लिहिला नाही त्याच्या नावापुढे तीन पदव्या आणि रंगीत बिल्ला. आपल्या संविधानाने कलम १८ लिहून पदव्या बंद केल्या. लष्करी आणि शैक्षणिक सन्मान सोडले तर सरकारने कुणाला पदवी द्यायची नाही आणि भारतीय नागरिकाने परक्या राष्ट्राकडून ती घ्यायचीही नाही. त्यामागे विचार होता की नागरिक सगळे सारखे. मी तसंच कलम सुचवलं तर सगळे ड्यूक माझ्यावर तुटून पडले. परराष्ट्रमंत्री होते, संरक्षणमंत्री होते, आरमारप्रमुखसुद्धा होता. बैठकीचं इतिवृत्त लिहायला मात्र कुणी नाही! आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत कितीही भांडणं होऊ देत, मागचं इतिवृत्त वाचून कायम केल्याशिवाय पुढचा विषय निघत नाही. मतदानाच्या दिवशी या मंत्र्यांच्या नावापुढे हिरवा ठिपका लुकलुकत असायचा, म्हणजे माणूस समोर बसलाय, पण एक बटण दाबायचे त्याचे कष्ट होत नाहीत. गणसंख्या भरायची कशी?

तेही सोसलं. सोसवलं नाही ते पुढचं.

डिस्कॉर्डवर सर्व्हरचा, म्हणजे एका गटाच्या जागेचा, मालक एकच असतो. बाकी कितीही अ‍ॅडमिन नेमा, त्यांच्यातला कुणीही मालकाला काढू शकत नाही. मालक मात्र कुणालाही काढू शकतो, कुठलाही चॅनेल पुसू शकतो. मालकी दुसऱ्याला द्यायची तर ती त्याने स्वतःच द्यावी लागते. म्हणजे आमच्या देशातली खरी सत्ता संस्थापकाच्या त्या एका खात्यात होती. म्हणून आम्ही कलम लिहिलं: सर्व्हरची मालकी संसदेने निवडलेल्या सचिवाच्या खात्यावर राहील, आणि संस्थापकाला इतर नागरिकांइतकंच एक मत असेल. पाषाणच्या मुलाने आपली परीक्षा सांभाळून त्याची भाषा घासूनपुसून नेमकी केली. वाद झाले, दुरुस्त्या झाल्या, मतदान झालं, कलम मंजूर झालं. संस्थापकाने स्वतः अभिनंदनाचा संदेश टाकला.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये फोन उघडला तर घटनेच्या चॅनेलमध्ये ते कलमच नाही. त्याच्या वरचं कलम तिथेच, खालचं तिथेच, क्रमांकही नीट बदलून घेतलेले. ना सूचना, ना चर्चा. मी विचारलं, हे कुणी काढलं? उत्तर आलं, "देशाच्या स्थैर्यासाठी." दुपारपर्यंत माझं नागरिकत्व गेलं होतं आणि त्या मुलाचंही. चॅनेल दिसेनासे झाले. ना सुनावणी, ना कारण, ना अपील. न्यायालयाचं अख्खं प्रकरण आम्ही घटनेत लिहून ठेवलं होतं हो!

हाच संस्थापक उठता बसता १९३३ च्या माँटेव्हिडिओ कराराचा दाखला द्यायचा. कायमची लोकसंख्या, ठरलेला प्रदेश, शासन आणि इतर राष्ट्रांशी संबंध ठेवण्याची क्षमता, देश म्हणवून घ्यायच्या या त्यातल्या चार अटी त्याला तोंडपाठ. शासन म्हणजे एका माणसाची लहर नव्हे, एवढं मात्र कळत नाही. दुसऱ्या देशांनी आपल्याला मान्यता द्यावी म्हणून धडपडायचं आणि आपल्याच नागरिकांचं मत मानायचं नाही, हा कुठला न्याय?

आणि हे न जमण्यासारखं आहे का? टॅलोसा हा १९७९ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकीत एका चौदा वर्षांच्या मुलाने काढलेला असाच देश. २००४ मध्ये तिथले काही नागरिक राजाशी भांडून बाहेर पडले, त्यांनी स्वतःचं प्रजासत्ताक काढलं आणि २०१२ मध्ये दोन्ही बाजू पुन्हा एक झाल्या. त्या लोकांनी सत्तेचा प्रश्न निदान अंगावर तरी घेतला. आणि लांब कशाला जायचं, आपल्याकडचं औंध घ्या. पुण्यातल्या ब्रेमेन चौकातलं नव्हे, साताऱ्याकडचं संस्थान. तिथल्या भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने स्वराज्याची घटना लागू केली आणि आपली सत्ता प्रजेच्या हाती दिली. पंचायती निवडल्या गेल्या, कारभार गावांकडे गेला. खरं राज्य होतं, खरी गादी होती, खरा खजिना होता, तरी त्या माणसाने सोडलं. आणि याला एका सर्व्हरची मालकी सुटत नाही!

"अगं, खेळच आहे तो, एवढं काय मनावर घेतेस" असं ज्यांनी ज्यांनी मला ऐकवलं त्यांना सांगते, खेळालाही नियम असतात. डाव अंगाशी आला म्हणून नियमाचं पान फाडणाऱ्याला कुणी खेळायला घेत नाही. आणि आम्ही दिलेला वेळ खेळातला नव्हता. माझी झोप खरी गेली, त्या मुलाच्या अभ्यासाच्या रात्री खऱ्या गेल्या. तो आता या विषयावर बोलतच नाही. एकोणीस वर्षांचा मुलगा, पहिल्यांदा कायदा लिहायला बसला आणि पहिल्याच कायद्याची ही गत. याचा मला माझ्या हकालपट्टीपेक्षा जास्त संताप येतो.

त्यांच्या वेबसाइटवर अजूनही 'नागरिकांनी मिळून लिहिलेली घटना' असं मिरवत नवीन माणसं गोळा करणं चालू आहे. त्यातले मूलभूत हक्क आम्ही लिहिलेत, निवडणुकीचे नियम आम्ही लिहिलेत. मी त्या संस्थापकाला मेल केलाय: एक तर काढलेलं कलम जसंच्या तसं परत घाल आणि मालकी सचिवाकडे दे, नाहीतर आमचा शब्द न् शब्द तिथून काढ आणि वर स्पष्ट लिही की इथे एकाच माणसाची सत्ता आहे. उत्तर आलेलं नाही. येईपर्यंत मी रोज मेल करणार आहे.