जपानी गाडी आणि 91 ऑक्टेन: एक खुलासा

‘जपानमध्ये सगळे पेट्रोल 100 ऑक्टेनचे असते, त्यामुळे तिथून आलेल्या गाडीत इथले साधे 91 ऑक्टेनचे पेट्रोल भरले की इंजिन खराब होते,’ असा संदेश न्यूझीलंडमध्ये जुनी जपानी गाडी घेणाऱ्यांत फिरतो आहे; तो बरोबर नाही. जपानच्या मानकानुसार साध्या पेट्रोलचा रिसर्च ऑक्टेन अंक (न्यूझीलंडमधला 91 हा आकडाही याच मोजणीचा) किमान 89, तर प्रीमियमचा किमान 96 असावा लागतो. 100च्या आसपासचे असते ते पंपावरचे प्रीमियम. म्हणजे साध्या पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीला न्यूझीलंडचे 91 पुरेसे आहे. ऑक्टेन अंक इंधनाची शक्ती सांगत नाही. दाबाखाली अवेळी पेट घेण्याला, म्हणजेच नॉकिंगला, ते किती विरोध करते एवढेच सांगतो, त्यामुळे अशा गाडीत 98 ऑक्टेनचे प्रीमियम भरणे म्हणजे बहुधा पैसे वाया घालवणे.

मात्र मॅन्युअलमध्ये किंवा टाकीच्या झाकणावर प्रीमियम लिहिले असेल, जसे अनेक टर्बो गाड्यांत असते, तर 91 टाळावे आणि किमान 95, शक्यतो 98 भरावे. अमेरिकेतल्या पंपांवरचा 87 हा आकडा वेगळ्या मोजणीचा असून तो साधारण न्यूझीलंडच्या 91च्या बरोबरीचा आहे.