वाढदिवसाच्या जेवणाऐवजी एका मुलाचा दाखला काढून द्या

"बाई, लेकाचा पहिला वाढदिवस आहे. एखाद्या अनाथाश्रमात जेवण द्यायचंय. बेळगावात कुठला चांगला आहे, सांगाल?"

महिन्याकाठी असे दोन-तीन फोन येतात. करणारे बहुतेक माझेच विद्यार्थी. कुणी पुण्यात, कुणी बेंगळुरूत, कुणी इथंच उद्यमबागेतल्या कारखान्यात कामाला. मनानं चांगली पोरं आहेत, म्हणूनच त्यांना दोन वाक्यांत उत्तर देणं मला जमत नाही. आज सगळं एकदाच लिहिते. लांबेल, पण शेवटपर्यंत वाचा.

खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळांत माझी तीस वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर आम्ही सहा-सात जणांनी एका देवळाच्या सभामंडपात संध्याकाळचा वर्ग सुरू केला. अजून त्याला नाव नाही, पाटी नाही, पावतीपुस्तक नाही. कुणी आपल्या शेतातला तांदूळ आणून देतं, कुणी वह्या, एका रिक्षावाल्या दादानं पावसाळ्यात मुलींना घरी सोडायचं काम स्वतःहून अंगावर घेतलंय. वर्गात येणाऱ्या मुलांपैकी कुणाचे आईबाप दोघंही गेलेत, कुणाचा बाप गेलाय आणि आई गोव्यात कामाला आहे, कुणाचं घर पुरात पडल्यापासून कुटुंबच आज इथं तर उद्या तिथं. सुरुवातीला आम्हीही तुमच्यासारखाच विचार करत होतो. दप्तर देऊ, खाऊ देऊ, गणित शिकवू. मुलं शाळेबाहेर राहतात ती वेगळ्याच कारणानं, हे आम्हाला एका आजीमुळे कळलं.

तिचा नातू सातवीच्या वयाचा. बाप गोव्यात बांधकामावर असताना वारला, आई वर्षभरानं निघून गेली. पोराला घेऊन आजी आपल्या माहेरच्या गावी आली. तिथल्या शाळेत गेली तर आधीच्या शाळेचा दाखला मागितला. आधीच्या शाळेनं आईला घेऊन या म्हटलं. एका मदतीच्या योजनेसाठी बापाचा मृत्यू दाखला हवा होता, पण मृत्यूची नोंद माणूस जिथं मरतो तिथंच होते, म्हणजे तो कागद गोव्यात. आजीनं त्याआधी खानापूरच्या पुढं एकटीनं प्रवास केला नव्हता. वर हातात दिलेला अर्ज कन्नडमध्ये. "बाई, मी कुणाला विचारू ओ? कागूद वाचाय येत नाही, सायेब काय बोलतोय ते कळत नाही." असं म्हणून ती वर्गाच्या पायरीवर बसली ती अंधार पडेपर्यंत. पोरगं तोवर आठ महिने घरी होतं आणि शेजाऱ्यांची म्हसरं राखत होतं.

आमच्यातले एक निवृत्त कन्नड मास्तर दुसऱ्याच दिवशी तिच्याबरोबर शाळेत गेले. भांडण केलं नाही. हेडमास्तरांसमोर शिक्षण हक्क कायद्याचा कागद ठेवला आणि कलम 5 वाचून दाखवलं. हा कायदा 2009 चा, 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. त्यात सरळ लिहिलंय की जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या सरकारी शाळेनं प्रवेश अडवायचा नाही. जन्माचा पुरावा नसला तरी अडवायचं नाही, ते कलम 14. आणि मधली वर्षं बुडाली म्हणून बारा वर्षांच्या मुलाला दुसरीत बसवायचं नाही, वयाच्या वर्गात घ्यायचं आणि मागं राहिलेलं वेगळं शिकवायचं, ते कलम 4. पोरगं त्याच दिवशी वर्गात बसलं. आठ महिन्यांची गाठ पाऊण तासात सुटली. आनंद झालाच, पण राग त्याहून जास्त आला. तीस वर्षं शिक्षिका असून असल्या कागदांपायी घरी बसलेल्या पोरांच्या मागं मी कधी गेले नव्हते.

इथं मला एक गोष्ट स्पष्ट बोलायची आहे, काहींना ती रुचणार नाही. सीमाप्रश्नावर माझं मत काय आहे ते ओळखीच्या सगळ्यांना माहीत आहे. 1956 च्या भाषावार रचनेत आमच्या घरच्यांच्या मनाला जे लागलं ते माझ्याही मनात आहे. मराठी माणसाला मराठीत कागद मिळाला पाहिजे हे मी आजही म्हणते आणि म्हणत राहीन. पण त्या आजीचा नातू आमच्या निकालाची वाट पाहत मोठा व्हायचा थांबत नाही. त्याचा अर्ज आज, कन्नडमध्ये भरायला हवा, आणि तो भरून देणारे मास्तर कन्नड आहेत. आमच्या वर्गातली मुलं त्यांना 'सर' म्हणतात, त्यांच्या पत्नीला 'अक्कोरु', म्हणजे बाई. अक्कोरु मुलींना कन्नड शिकवतात. मी त्यांच्या शेजारी बसून मराठी वाचून घेते. एकाच सतरंजीवर दोन्ही चालतं.

ऊसतोड टोळ्यांच्या पोरांचा प्रश्न आणखी अवघड. दिवाळीच्या सुमाराला चिकोडी, अथणी, रायबाग भागात कारखाने सुरू झाले की बीडकडून टोळ्या येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेस्तोवर सुटका नाही. नवराबायकोचा मिळून एक कोयता, आणि त्या कोयत्यामागं दोन-तीन लेकरं. गेल्या हंगामात आम्ही एका फडाजवळच्या कोप्यांवर, म्हणजे टोळीच्या झोपड्यांवर, गेलो होतो. चौथीतला एक मुलगा कडेवर बहिणीला घेऊन उभा होता. शाळा कुठली विचारलं तर म्हणाला, "गावाकडं." आणि इथं काय करतोस? "वाढं बांधतो." म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या पेंढ्या.

महाराष्ट्रात अशा मुलांसाठी गावाकडं हंगामी वसतिगृहं चालतात, आणि दुसरीकडच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी पत्रकही देतात. या मुलाकडं ते होतं. त्याच्या आईनं प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून जपलं होतं. पण जवळच्या शाळेतल्या हेडमास्तरांनी असा कागद आयुष्यात पाहिला नव्हता. ते वाईट नव्हते. त्यांची भीती खरी होती: आता नाव घातलं आणि मार्चमध्ये पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, मुलगा गेला, की गळती झाली म्हणून जाब त्यांनाच. शिवाय त्याचं नाव गावच्या शाळेच्या पटावर होतंच. कलम 5 मध्ये 'राज्यात किंवा राज्याबाहेर' असे शब्द आहेत, कलम 9 मध्ये स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांच्या प्रवेशाची जबाबदारी स्थानिक प्रशासनावर टाकली आहे. वाचायला हे सोपं वाटतं. शेवटी तडजोड निघाली. मुलगा वर्गात बसणार, सगळ्यांबरोबर दुपारचं जेवणार, आणि त्याची हजेरी साध्या कागदावर लिहून, सही-शिक्का मारून जाताना त्याच्याबरोबर द्यायची. गावच्या शाळेनं ती धरली. दोन माणसांनी मनावर घेतलं म्हणून हे झालं. बाकीच्या कोप्यांवर कोण जाणार?

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा एकदम चढल्या तेव्हा शाळांतच लोकांची सोय केली होती. तेव्हा मी भाकऱ्या घेऊन गेले होते. आज वाटतं, भाकऱ्यांबरोबर एक कोरी वही न्यायला हवी होती, कुणाचे कागद वाहून गेले ते लिहून घ्यायला. पाणी ओसरल्यावर कित्येक घरं भाड्यानं दुसरीकडं गेली. त्यांच्यातली मुलं आम्हाला तीन-तीन वर्षांनी सापडली.

आता आश्रमाबद्दल. भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्यात सगळ्या जातीच्या मुलांचं वसतिगृह उघडलं आणि ते चालवायला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. त्या परंपरेपुढं मी हात जोडते. ज्या मुलाला खरोखर कुणीच नाही, त्याला छप्पर हवंच. पण आमच्याकडं येणाऱ्या बहुतेक मुलांना कुणीतरी आहे: आजी, मामा, विधवा आई. गरिबीमुळे अशा मुलाला उचलून संस्थेत ठेवायचं, आणि वाढदिवसाला त्याच्यासमोर केक कापून फोटो टाकायचा, हे मला मान्य नाही. 2015 च्या बालन्याय कायद्यातही संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय म्हटलाय. त्याच कायद्याचं कलम 74 अशा मुलांची ओळख उघड करू नका म्हणतं. फोटो टाकणाऱ्यांनी ते एकदा वाचावं.

आजीलाच हात दिला तर? मिशन वात्सल्य या केंद्र सरकारच्या योजनेतून नातेवाइकांकडं राहणाऱ्या अनाथ मुलासाठी, विधवा आईच्या मुलासाठी महिन्याला 4,000 रुपयांची तरतूद आहे. उत्पन्नाची अट ग्रामीण भागात वर्षाला 72,000. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडं द्यायचा. त्या आजीचा आम्ही दिला. मृत्यू दाखल्यासाठी आमचा एक मुलगा सुट्टी काढून तिच्याबरोबर गोव्याला दोनदा गेला. त्याचा प्रवासखर्च तुमच्या एका वाढदिवसाच्या जेवणाच्या निम्माही नव्हता.

निपाणीकडच्या मुलींबद्दल थोडंच लिहिते. आजीबरोबर विड्या वळणाऱ्या, अर्जात वडिलांच्या नावाची जागा रिकामी ठेवणाऱ्या, देवदासींच्या लेकी आहेत त्या. देवदासी प्रथेवर कर्नाटकात 1982 च्या कायद्यानं बंदी आली, पण त्या रिकाम्या जागेवरून खिडकीतला माणूस सगळ्यांसमोर मोठ्यानं प्रश्न विचारतो. बरोबर एक मोठं माणूस उभं असलं की तो आवाज खाली येतो. मी स्वतः पाहिलंय.

चौदा वर्षं आणि आठवी पूर्ण झाली की शिक्षण हक्क कायद्याचा हात सुटतो. आजीचा नातू पुढच्या वर्षी तिथं पोचेल. त्याला आयटीआय करायचंय, वायरमन व्हायचंय. त्यासाठी कुठले कागद लागतात त्याची यादी मास्तरांनी आत्ताच भिंतीवर लावली आहे.

तर फोन करणाऱ्या सगळ्यांना हेच उत्तर. जेवण देऊ नका. महिन्यातली एक रजा द्या. कन्नड आणि मराठी दोन्ही लिहिता येणारं माणूस हवंय, गाडी असेल तर फार बरं. येत्या सोमवारी तीन मुलांना घेऊन आम्ही खानापूरला जातोय. दोघांचे जन्मदाखले, एकीचा शाळेचा. साडेनऊला बसस्टँडवर भेटू. डबा मी आणते.