‘एकाच रंगाच्या दोन खोल्या वेगळ्या दिसतात’ या तक्रारीला दुकानाचे उत्तर

नमस्कार ताई,

एक तारा देऊन तुम्ही लिहिलंय की कार्डावर पसंत केलेला करडा जांभळा हॉलमध्ये ‘तुरुंगाच्या भिंतीसारखा’ दिसतो, बेडरूममध्ये तोच गुलाबी मारतो, म्हणजे आम्ही वेगवेगळे डबे वापरले. आणि आता फुकटात दुसरा रंग मारून द्यावा. काम लांबल्याचंही लिहिलंय. श्रावणातल्या पावसात पुट्टी वाळायला वेळ लागतो, तेवढंच त्यावर सांगतो.

डब्यांचं म्हणाल तर दोन्ही खोल्यांचा रंग आमच्या फोंड्याच्या दुकानात मशीनवर एकाच वेळी काढला आणि भिंतीला ब्रश लावण्याआधी मोठ्या बादलीत एकत्र ढवळला. त्या वेळी तुमच्याकडचे भाऊ तिथेच उभे होते, त्यांना विचारा.

हा रंग मुळातच बुजरा. पांढऱ्या बेसमध्ये काळ्याचे आणि जांभळ्याचे थोडेच थेंब पडतात, त्यामुळे त्याला स्वतःचा जोर नाही. खोलीत जो उजेड येईल त्याच्याकडे तो झुकतो. तुमच्या हॉलची खिडकी कुळागरात, म्हणजे घरामागच्या बागायतीत उघडते. पावसाळ्यात पोफळी आणि केळी हिरव्यागार, वर ढग, आणि आत येतो तो पानांवरून परतलेला उजेड. हिरवा उजेड जांभळ्याला मारतो, उरतो नुसता करडा. बेडरूमला पश्चिमेचं ऊन, खाली तांबडा कोबा. तो तांबूसपणा भिंतीवर चढणारच. शिवाय हॉलमध्ये ६५०० केल्विनचे पांढरेफटक एलईडी आहेत, त्यांनी रात्री भिंत आणखी थंड पडते.

म्हणूनच आम्ही कार्डावर भरवसा ठेवू देत नाही, दोन फुटांचा पॅच मारून सकाळी, दुपारी आणि दिवे लावून बघायला सांगतो. तुमच्याकडेही मारला होता, पण बेडरूममध्ये. हॉलमध्येही मारूया म्हटलं तर चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर आली, माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळापानांची चौकट, बांधायच्या आधी सगळं आटपायला हवं, असं तुमचं म्हणणं पडलं. घाई समजू शकतो, चवथीआधी अख्ख्या गोव्याला घर रंगवायचं असतं! पण त्या घाईचा खर्च दुकानावर टाकणं मला पटत नाही. फुकट रंग मारून देणार नाही.

हॉल मात्र सुधारता येईल. आधी बल्ब बदला, ३००० केल्विनचे वॉर्म व्हाइट लावा. छताचा निळसर पांढरा जाऊन तिथे मलईकडे झुकणारा पांढरा आला तर निम्मा फरक तिथेच पडेल. स्टीलच्या खुर्च्यांमागे ही भिंत उदासच वाटणार. तुमचा सागवानी बाक पडवीत पडून आहे, तो आत घ्या. लाकूड आणि पितळ या रंगाला खुलवतात, हे मी माझ्या घरच्या भिंतीवर बघतो. एवढं करूनही नाहीच आवडला, तर खिडकीसमोरच्या एका भिंतीला त्याच शेडमध्ये तांबड्याचे थेंब वाढवून देऊ. रंगाचे पैसे द्या, मजुरी घेणार नाही.

उरलेला डबा तेवढा टाकू नका. झाकणावरच्या स्टिकरवर थेंबांचं प्रमाण छापलेलं आहे, ते झाकण घेऊन दुकानात या. तुमच्यासमोर तेच प्रमाण मशीनला घालून थोडा रंग काढतो आणि दोन्ही खोल्यांच्या भिंतींवर लावून दाखवतो.