‘शुडाव’ कुठल्या डिक्शनरीत सापडतंय का बघा

परवा आमच्या अपार्टमेंटमधल्या एका ताईंनी मला जिन्यातच गाठलं. "पोरगी दिवसभर कानात बोळं घालून इंग्लिश गाणी ऐकत बसत्या. विचारलं तर म्हणत्या, इंग्लिशचा अभ्यास चाललाय. तूच सांग बाई तिला चार शब्द." मी काही सांगितलं नाही. या बाबतीत मी पोरीच्या पार्टीतली आहे.

मी मराठी मीडियमची. इंग्रजी पहिलीपासून आलं ते २००० साली, आमची एबीसीडी पाचवीत सुरू झाली. ग्रामर मात्र पक्कं. ॲक्टिव्ह-पॅसिव्ह झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. त्या जोरावर गोकुळ शिरगावला एका फौंड्रीत एक्स्पोर्टच्या टेबलावर बसले. मेल लिहिताना कधी अडलं नाही. अडलं ते फोनवर.

२००६ ची गोष्ट. माल उशिरा जाणार होता आणि आमच्याकडून कळवायचं राहिलं होतं. तिकडचा, म्हणजे गिऱ्हाइकाकडचा साहेब म्हणाला, ‘यू शुडाव टोल्डस.’ मला ऐकू आलं ‘यू शूड टेल अस’, म्हणजे कळवत जा. मी हसत हसत, ‘येस सर, शुअर सर!’ पलीकडं चिडीचूप. तो म्हणत होता, तुम्ही कळवायला पाहिजे होतं. माणूस झाल्या गोष्टीबद्दल चिडलाय आणि मी पुढच्या वेळचा वायदा करतेय, तोही आनंदात! ‘शूड हॅव टोल्ड’ मला पेपरात लिहिता येत होतं की. पण त्यानं ‘हॅव’ गिळला आणि माझी दांडी उडाली.

तसं गिळत कोण नाही? ‘काय करायला लागला आहेस’ असं कोल्हापुरात कुणी म्हणतं का? ‘काय करालाईस’ म्हणून मोकळे. आमची वहिनी पुण्याची, लग्नानंतर महिनाभर नुसती तोंडाकडं बघायची.

इंग्रजीतलं हे गिळणं मला गाण्यांनी ऐकायला शिकवलं. वजनाचा शब्द ठेक्यावर पडतो आणि ‘हॅव’, ‘टू’, ‘ऑफ’, ‘अँड’ ही चिल्लीपिल्ली दोन ठेक्यांच्या मधल्या फटीत कोंबली जातात. बोलतानाही त्यांचं असंच चालतं. आपण प्रत्येक अक्षराला सारखा मान देणारी माणसं, म्हणून फोनवर सुटा सुटा शब्द येईल याची वाट बघत बसतो.

माझी पद्धत अशी: केएमटीच्या बसमध्ये जाता-येता एकच गाणं. आधी तीन-चारदा नुसतं ऐकायचं. मग घरी चलानाच्या पाठकोऱ्या कागदावर, कानाला येईल तसं देवनागरीत लिहायचं. ‘गॉना’ (गोइंग टू), ‘लेमी’ (लेट मी), ‘वुडाव’ (वुड हॅव), काही का असेना. शेवटी नेटवरून खरे शब्द काढून लाल पेननं तपासायचं. देवनागरीच का? रोमनमध्ये लिहिताना हात आपोआप शाळेतलं स्पेलिंग लिहितो, कानाची चूक पकडलीच जात नाही.

सुरुवात ॲबापासून केली. १९७४ साली युरोव्हिजन ही गाण्यांची स्पर्धा जिंकलेली ही स्वीडनची चौकडी. इंग्रजी त्यांचीही मायबोली नव्हे, त्यामुळं उच्चार कसे धुतल्या तांदळासारखे. कार्पेंटर्सची गाणीही तशीच स्वच्छ. रॅपच्या नादाला एवढ्यात लागू नका.

ग्रामरचं म्हणाल तर, ‘इफ आय वेअर अ बर्ड’ शाळेत घोकलं होतं, पण पक्षी व्हायचं कुणाच्या मनात होतं? २००८ ला बियॉन्सेचं ‘इफ आय वेअर अ बॉय’ आलं आणि ‘आय’पुढं ‘वेअर’ का, ते एका फटक्यात डोक्यात बसलं. आपण म्हणतोच ना, ‘मी मुलगा असते तर’. मुलगा नाही, होणारही नाही. ‘आहे’ म्हणून भागत नाही, म्हणून ‘असते’. नाही त्या गोष्टीसाठी क्रियापदानं वेगळा वेश घालायचा, हे दोन्हीकडं सारखंच. (हे वाक्य रात्री आठला भाकऱ्या थापताना किती वेळा मनात आलं, ते जाऊ दे.)

आता सावध कुठं राहायचं? रोलिंग स्टोन्सचं १९६५ चं ते प्रसिद्ध गाणं घ्या, ‘आय कान्ट गेट नो सॅटिसफॅक्शन’. ‘कान्ट’ही आणि ‘नो’ही. पेपरात लिहिलंत तर बाई गोल करणार, आणि बरोबरच करणार. बोलीत मात्र तो ‘नो’ नुसता जोर देतो: समाधान म्हणून मिळत नाही! अभंगात ‘उभा विटेवरी’ शोभतं, म्हणून सीबीएस स्टँडवरून कुणी ‘उभा मी फलाटावरी’ असा फोन करत नाही. त्यातलाच प्रकार.

शब्दांच्या बाबतीत गाणी जरा कंजूषच. प्रेम, रात्र, पाऊस, रस्ता, परत प्रेम. कास्टिंगमध्ये ब्लो होल, म्हणजे हवेनं पडलेलं भोक, सापडला तर गिऱ्हाइकाला काय कळवायचं, ते कुठलीच गायिका सांगत नाही. ते मी जुन्या मेल वाचून आणि इन्स्पेक्शनवाल्या काकांचं डोकं खाऊन शिकले.

ताईंच्या पोरीला रविवारी घरी बोलावलंय. माझ्या त्या कागदांची चळत अजून माळ्यावर आहे, तीच काढून देणार. आणखी कुणाला पाहिजे असेल तर सांगा, झेरॉक्स मारून देते. अक्षर कोंबडीच्या पायासारखं आहे, तेवढं चालवून घ्या.