जुळ्याचे दुखणे

आमच्या घरच्या संगणकात दोन-दोन टेराबाइटच्या दोन डिस्क आहेत आणि त्या दोघी मिळून जागा देतात दोनच टेराबाइट. हे गणित चार वर्षांपूर्वी भाच्याने मला समजावले, मला ते पटले, आणि मग ते बायकोला समजावण्याची कामगिरी माझ्याकडे आली. "म्हणजे पैसे दोघींचे दिले आणि घरात एकच आली?" हा तिचा प्रश्न अजून तसाच उभा आहे. मी सांगितले, की ह्या व्यवस्थेला रेड-वन (RAID 1), म्हणजेच मिरर, म्हणतात; एकीवर लिहिले जाणारे अक्षर त्याच वेळी दुसरीवरही लिहिले जाते, त्यामुळे एक डिस्क गेली तरी आपले काही जात नाही. पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ ह्या बर्कलीच्या तिघांनी १९८८ साली 'रेड' हे नाव ज्या निबंधातून रूढ केले, त्यात 'आय' ह्या अक्षराचा अर्थ 'स्वस्त' असा होता आणि पुढे धंदेवाल्यांनी तो 'स्वतंत्र' असा करून घेतला, हे मात्र मी तिला सांगितले नाही. दुसऱ्या डिस्कचे बिल तेव्हा तिच्या हातात होते.

एक डिस्क गेली तरी काही कळत नाही हा मिररचा गुण आहे आणि तोच त्याचा दुर्गुण. आमची एक डिस्क दिवाळीच्या साफसफाईच्या दिवशी गेली आणि मला ते एकोणीस दिवसांनी समजले. मधल्या काळात संगणक नेहमीसारखा चालत होता. लक्ष्मीपूजनाचे फोटो मी त्यावर चढवले होते आणि सोसायटीचा हिशेबही त्यावरच पूर्ण केला होता. भाच्याने लिनक्स बसवून देताना मशीनच्या पोटातच एक टपालपेटी ठेवली होती आणि रेडची राखण करणारा प्रोग्राम रोज इमानाने तिच्यात एक पत्र टाकत होता. स्वतःच्याच संगणकात आपल्या नावाने टपाल साचत असेल, ही शंका मला यायचे कारण नव्हते. विसाव्या दिवशी काही निमित्ताने टर्मिनल, म्हणजे आज्ञा टंकायची खिडकी, उघडले, 'तुम्हाला टपाल आहे' अशा अर्थाची ओळ दिसली, आणि आत एकाच मजकुराची एकोणीस पत्रे निघाली.

भाचा बंगळूरला असतो. त्याने फोनवरून एक आज्ञा टंकायला लावली आणि विचारले, "मामा, चौकटी कंसात काय दिसतंय?" निरोगी रेडच्या कंसात 'यू' हे इंग्रजी अक्षर दोनदा असते. माझ्या कंसात एक 'यू' होता आणि त्याच्या शेजारी, जमिनीलगत, नुसती एक आडवी रेघ. पंगतीत एक पान रिकामे राहावे तसे ते दिसत होते. भाचा म्हणाला, "एक डिस्क संगणकाला दिसतच नाहीये. जी दिसतेय तिचा सिरियल नंबर स्क्रीनवर आहे, तो लिहून घ्या. मशीन बंद करा, आत बघा, आणि तो नंबर नसेल ती डिस्क काढा. चांगली काढू नका." हे शेवटचे वाक्य त्याने दोनदा म्हटले, त्याचा मला थोडा रागही आला.

दोन्ही डिस्का एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच खोक्यातून आलेल्या, त्यामुळे त्यांचे नंबर सख्ख्या जुळ्यांना शोभतील असेच होते. एकीच्या शेवटी २५ आणि दुसरीच्या शेवटी ५२, बाकी सगळे सारखे. स्क्रीनवरची, म्हणजे चांगली, २५ची होती. काढायची होती ५२ची. कॅबिनेट उघडल्यावर कळले, की नंबरांची लेबले असलेली बाजू पलीकडच्या पत्र्याकडे आहे आणि मधल्या फटीत माझा हात जातो, मान जात नाही. मग मी बायकोचा हातातला छोटा आरसा घेतला, जो तिने माहेरून आणलेला आहे आणि ज्याला घरात दुसरे कोणी हात लावत नाही. तोंडात टॉर्च, नाकावर चाळिशी, एका हातात आरसा आणि दुसऱ्या हाताने वायरी बाजूला धरलेल्या, अशा अवस्थेत मी मिररच्या दुरुस्तीसाठी आरशात पाहू लागलो.

वरच्या डिस्कच्या लेबलावर, आरशात, २५ दिसले. साधा माणूस 'ही चांगली' म्हणून पुढे गेला असता. पण मी पडलो विचार करणारा. आरशात सगळे उलटे दिसते हे मला शाळेपासून ठाऊक आहे, तेव्हा आरशातले २५ म्हणजे प्रत्यक्षातले ५२, असा निष्कर्ष मी काढला आणि त्या चातुर्यावर खूश होऊन वरच्या डिस्कच्या वायरी उपटल्या. लेबलावरच्या जाड ठशातला इंग्रजी दोन उलटा केला की जवळजवळ पाच होतो आणि पाच उलटा केला की जवळजवळ दोन, त्यामुळे २५ हा आकडा आरशातही २५च दिसतो, हे ज्ञान मला दुसऱ्या दिवशी कागद, पेन आणि न्हाणीघरातला आरसा घेऊन झाले. वायरी उपटण्याच्या झटापटीत हातातला छोटा आरसा फरशीवर पडला. मी त्याकडे न बघता तो पुठ्ठ्यावर गोळा करून टेबलाच्या खणात सरकवला, कारण त्या क्षणी अधिक गंभीर बाब समोर होती.

संगणक सुरू केला आणि गंमत म्हणजे तो सुरू झाला. थोडा रेंगाळला, पण फोटोंचे फोल्डर उघडले. उघडले, पण त्यात दिवाळी नव्हती. फराळ नव्हता, भाऊबीज नव्हती, सोसायटीचा हिशेब ऑक्टोबरातच थांबला होता. मेली म्हणून जिच्या नावाने मी सुतक धरले होते ती ५२ची डिस्क जिवंत होती, माझ्या धक्काबुक्कीत तिची वायर पुन्हा नीट बसली होती, आणि जोडीदारीण गायब झालेली पाहून तिने एकटीने, आपल्या समजुतीप्रमाणे, संसार सुरू केला होता. तिच्या हिशेबी अजून आकाशकंदील लागायचा होता.

मी फोनवर हे वर्णन केले तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग भाचा हळू आवाजात म्हणाला, "मामा, कशालाही हात लावू नका. काहीही सेव्ह करू नका. मशीन बंद करा." दोन डिस्कांनी वेगवेगळा इतिहास लिहायला सुरुवात केली की नवी कोणती आणि शिळी कोणती ह्याचा घोळ होतो. सुदैवाने प्रत्येक डिस्क आपल्यावरच्या बदलांची एक मोजणी ठेवते आणि २५च्या डिस्कची मोजणी कितीतरी पुढे होती. दोन्ही वायरी पुन्हा जोडल्या तेव्हा दिवाळी परत आली. त्यानंतर डिस्कांच्या प्रकृतीचा अहवाल काढला. खराब सेक्टर दाखवणाऱ्या ५ आणि १९७ क्रमांकाच्या ओळींपुढे दोन्ही डिस्कांना शून्य, पण ५२च्या डिस्कच्या १९९ क्रमांकाच्या ओळीपुढे चार आकडी संख्या. ही ओळ डिस्क आणि बोर्ड ह्यांच्यामधल्या वायरीत होणाऱ्या चुका मोजते. डिस्क धडधाकट होती. तिची वायर सैल करणारा इसम साफसफाईच्या दिवशी व्हॅक्यूम क्लीनरचा ब्लोअर घेऊन कॅबिनेटात शिरला होता, आणि तो मीच होतो.

दीडशे रुपयांची नवी वायर आणली. तत्पूर्वी, पत्रे वाचली त्याच संध्याकाळी, घाबरून एक नवी डिस्कही आणली होती, तिचा विषय मी जेवताना काढला नाही. ती आता दोन्ही जुळ्यांपासून वेगळी, कपाटात, बॅकअप म्हणून असते, आणि खरे तर तीच आधी घ्यायला हवी होती. कारण मागे एकदा मी 'पावत्या' हे फोल्डर चुकून पुसले तेव्हा मिररने माझी चूक त्याच क्षणी दोन्ही डिस्कांवर सारख्याच निष्ठेने उतरवली होती.

५२च्या डिस्कवरचे पुसून तिच्यावर २५ची नक्कल सुरू केली, तेव्हा पडद्याने साडेचार तास सांगितले. बायकोने मध्येच बहिणीला दाखवायला फोटो उघडले तसे ते नऊ तास झाले. रात्री दोनच्या सुमाराला कंसातली आडवी रेघ जाऊन तिथे 'यू' उभा राहिला आणि मी झोपलो.

सकाळी स्टेपलर शोधताना तिने टेबलाचा खण उघडला. आरशाचे बरोबर मधून दोन तुकडे झाले होते. तिने एक तुकडा हातात घेऊन पाहिले, तो ठेवून दुसऱ्यात पाहिले, मग पुन्हा पहिल्यात.

"दोन्हींत सारखंच दिसतंय," ती म्हणाली. "ह्याची वायर कुठे जोडायची, तेवढं भाच्याला विचारून ठेवा."