पणजोबा, वाघ आणि गाव नमुना 14

आमच्या पणजोबांना वाघानं मारलं, हे मी लहानपणी दूधभाताबरोबर गिळलेलं सत्य. वाघाच्या लांबीवरून घरात दोन तट आहेत; आत्या नऊ हात म्हणते, काका सातावर अडून आहेत. वाघाबद्दल मात्र कुणाचं दुमत नाही. वंशावळीचा तक्ता करायला घेतला तेव्हा त्या प्रसंगाची तारीख तेवढी हवी होती.

"कोतवाल बुक बघा," शेजारचे निवृत्त तलाठी म्हणाले. म्हणजे गाव नमुना 14. गावात कोण जन्मलं, कोण वारलं, बापाचं नाव, जात आणि मरणाचं कारण, माणसाचा अख्खा हिशेब एका ओळीत.

अर्ज लिहिला, 10 रुपयांचं कोर्ट फीचं तिकीट डकवलं आणि तहसील कचेरी गाठली. कुणबी नोंदींची शोधाशोध 2023 मध्ये सुरू झाल्यापासून अभिलेख कक्षापुढे पंढरपूरच्या बारीसारखी रांग. कारकुनानं मान वर न करता विचारलं, "जातपडताळणी?"

"नाही. वंशावळ."

"कशासाठी?"

"हौस."

आता मान वर झाली. रांगेतल्या चौघांनीही मला न्याहाळलं. "13 ऑक्टोबर 1967 च्या आधी वारलेत ना?" (ओबीसी दाखल्याला त्या तारखेआधीची नोंद लागते.)

"हो भाऊसाहेब, वाघानं."

"मग चालतंय."

तिसऱ्या हेलपाट्याला जुन्या कागदांचा रुमाल सुटला. आत सगळी मोडी, म्हणजे माझ्यापुरत्या वाळत घातलेल्या शेवया. मोडी वाचणारे काका पानामागे पैसे घेत आणि पानागणिक शिंकत. आजोबांचं नाव नातवाला ठेवायच्या रीतीमुळे एकाच नावाचे तिघे निघाले. (बायकांची ती अडचण नव्हती; त्यांना नावच नव्हतं, 'अमक्याची बायको' एवढंच.) पहिल्या सापडलेल्या पणजोबांना मी तिथेच हात जोडले. मग कळलं, हे वरच्या आळीतले, ज्यांच्याशी आमचा बांधावरून दावा चालला होता ते.

खरे पणजोबा सापडले ऑक्टोबर 1918 मध्ये. कारण: ताप.

"नीट बघा काका, वाघ असेल."

"ताप आहे. वरच्यालाही ताप. खालच्यालाही."

पान उलटलं, तिथेही ताप. आदल्या साली महिनाभरात दोनतीन ओळी, इथे एका दिवसाला तेवढ्या. साथीचं नाव इन्फ्लुएंझा, हा शब्द त्या लिहिणाऱ्याच्या गावीही नसणार. पुढे पुढे त्यानं ताप लिहायचंही सोडलंय, नुसतं 'कित्ता, कित्ता'. आणि महिनाअखेरीस अक्षरच बदललंय. काका तेवढं एक पान न शिंकता उलटून गेले.

संध्याकाळी आत्याला फोन केला. सगळं सांगितलं, साल, महिना, ताप.

"अरे, मग बरोबरच आहे की," आत्या म्हणाली. "नऊ हात वाघ समोर आल्यावर ताप नाही येणार?"