घडी घातली म्हणून वजन कमी होत नाही

आज डोकं फिरलंय. लिहून मोकळी होते, नाहीतर रात्री झोप लागायची नाही.

सायकलचे ब्रेक पॅड बदलायला एका दुकानात गेले होते. माझ्या आधी एक काका उभे होते. सत्तरीच्या आतबाहेरचे, पांढरा शर्ट, खिशात चष्म्याचं घर. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हापासून मुलानं स्कूटरची किल्ली काढून घेतली म्हणाले. मुलगी राहते प्रजापतीनगरला, म्हणजे आपल्या नागपूर मेट्रोच्या ॲक्वा लाइनच्या पार टोकाला. हे राहतात दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. घडीची इलेक्ट्रिक सायकल घ्यायची, तिच्यावर स्टेशन गाठायचं, मेट्रोत सोबत घ्यायची, तिकडे उतरलं की पुन्हा सायकल. कुणाला ऑटोसाठी हात दाखवायला नको, मुलाला "सोडून दे" म्हणायला नको. असा त्यांचा हिशोब. मीही हाच हिशोब मांडला होता, म्हणून उभी राहून ऐकत होते.

आणि विकणारा पोरगा त्यांना सांगतो, "काकाजी, टेन्शन काहून घेता? घडी घातली का झालं. पिशवीसारखी उचला अन् वर घेऊन जा."

पिशवीसारखी!

मला राहवलं नाही. विचारलं, वजन किती हिचं? म्हणे हलकीच आहे मॅडम. म्हटलं, किलोत सांग. तो कागद चाळायला लागला. त्या चकचकीत कागदावर मोटर किती वॅटची, बॅटरी केवढी, एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर, घडी किती सेकंदांत, सगळं होतं. वजन नव्हतं. ज्या वस्तूचं नावच "घडीची", जी उचलून न्यायची म्हणूनच माणूस घेतो, तिच्या कागदावर वजन नाही!

आता माझं ऐका. तुमच्यापैकी काहींनी आधी ऐकलंय, पण परत ऐका.

मागच्या मे महिन्यात माझी सायकल घरी आली. आमची बिल्डिंग जुनी, आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दुपारी साडेतीनची वेळ. घडी घातली, एक हात सीटखाली, एक हात मधल्या बिजागरीशी, आणि निघाले. पहिला मजला चढले. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर घडी धरून ठेवणारं ते लोहचुंबक सुटलं. पुढचं चाक भसकन उघडलं आणि पेडल माझ्या नडगीवर आलं. चेनचं काळं ग्रीस कुर्त्यावर. मी तिथेच पायरीवर बसले. एका हातानं सायकल धरलेली, कारण सोडली तर ती खाली गडगडत जाणार. डोळ्यांतून पाणी आलं. दुखलं म्हणून नाही, चाळीस हजार घातले आणि फसले असं वाटलं म्हणून.

तेवढ्यात खालून सिलिंडरवाला आला. खांद्यावर भरलेलं सिलिंडर. भरलेलं सिलिंडर म्हणजे २९-३० किलो, त्यातला गॅस १४.२ आणि बाकी लोखंड. तो वर ठेवून परत आला, माझी सायकल उचलायला वाकला, दोनतीन ठिकाणी हात लावून बघितला आणि म्हणाला, "मॅडम, याच्यापेक्षा सिलिंडर बरं. त्याले धराले कडं हाय. याले कुठून धरावं माणसानं?"

शेवटी दोघांनी मिळून चढवली. रविवारी रद्दीवाल्याच्या काट्याला टांगून बघितली. २२ किलो ८०० ग्रॅम.

म्हणजे सिलिंडरपेक्षा सहा-सात किलो कमी, आणि तरीही रोज सिलिंडर वाहणाऱ्या माणसाला ती जड गेली. त्याचं ते एक वाक्य या सगळ्या जाहिरातींपेक्षा खरं आहे. नुसतं वजन हा प्रश्न नाहीच. धरायला जागा कुठे आहे, भार कुठल्या बाजूला झुकतो, उचलल्यावर काय टोचतं आणि काय सुटतं, हा प्रश्न आहे. सायकल मधून कापली की तिथे बिजागरी आली, बिजागरी तोलायला जाड धातू आला. मागच्या चाकात मोटर, दांड्याच्या पोटात बॅटरी. घडी घातली की लांबी निम्मी होते. किलो तेवढेच राहतात, उलट एका गठ्ठ्यात येतात.

मुलगा म्हणतो, आई, तू स्वस्तातली घेतलीस. बरं, मान्य. लंडनची ब्रॉम्प्टन नावाची घडीची सायकल आहे. १९७० च्या दशकात अँड्र्यू रिची नावाच्या माणसानं आपल्या राहत्या खोलीत बसून तिचा आराखडा केला, आणि खिडकीतून ब्रॉम्प्टन ऑरेटरी हे चर्च दिसायचं म्हणून तिला ते नाव पडलं. तिची इलेक्ट्रिक सायकल १६-१७ किलोत बसते. बॅटरी पुढच्या बॅगेत असते, ती काढून खांद्याला लावायची. घडी घातलेली सायकल छोट्या चाकांवर ढकलत नेता येते. त्या माणसानं जिना डोळ्यांसमोर ठेवून सायकल बनवली असणार. पण तिची किंमत ऐकली तर आमच्यासारख्यांना पायरीवरच बसावं लागेल. आणि त्या काकांना तो पोरगा ब्रॉम्प्टन विकत नव्हता ना.

लिफ्टवाल्या टॉवरमध्ये राहणाऱ्यांना माझं म्हणणं पटणार नाही, हेही मान्य. गाडीच्या डिकीत टाकून शनिवारी रामटेककडे जाणाऱ्यांनाही नाही. त्यांना घडी पुरते. मी बोलतेय त्रिमूर्तीनगर, प्रतापनगर, खामल्यातल्या आपल्यासारख्यांबद्दल, ज्यांच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टची जागा नकाशातही नव्हती.

आणि कृपा करून कुणी "मग विकून टाक" म्हणू नका. विकणार नाही. मला ही सायकल आवडते. खूप आवडते.

माझी शाळा जरीपटक्याला. मेट्रो आली तेव्हा वाटलं सुटलो. पण घरापासून सुभाषनगर स्टेशन दोन-अडीच किलोमीटर, आणि तिकडे इंदोऱ्याला उतरल्यावर शाळा पुन्हा दीड-दोन. मधला प्रवास थंडगार, आणि दोन्ही टोकांना ऑटोवाल्याशी घासाघीस. मेट्रोचं तिकीट एका बाजूला आणि ऑटोचं भाडं एका बाजूला ठेवलं तर ऑटोचं पारडं जड. पंधरा वर्षांची सवय असलेल्या माझ्या स्कूटीवर मी परत जाणारच होते. या सायकलनं मला थांबवलं. सकाळी साडेसहाला रिंग रोडवरून निघाले की पाय फिरवायचे, मोटर मागून हलकेच हात लावल्यासारखी ढकलते. चढावर दम लागत नाही, शाळेत घाम गाळत पोचत नाही. पन्नाशीच्या बाईला पाय फिरवायला मिळतात, गुडघे कुरकुरत नाहीत. लायसन्स नको, नोंदणी नको, कारण मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असला की कायदा तिला मोटार वाहन धरत नाही. त्यातही वजनाची अट आहे बरं का, बॅटरी सोडून ६० किलोच्या वर नको. कायदा लिहिणाऱ्यांना वजन आठवलं, विकणाऱ्यांना आठवत नाही.

खर्चाचं म्हणाल तर माझी बॅटरी ३६ व्होल्ट आणि ७.८ अँपिअर-अवरची. गुणाकार केला की २८० वॅट-अवर, एवढी वीज तिच्यात मावते. हजार वॅट-अवरचं एक युनिट. चार्जरमध्ये थोडी वाया जाते ती धरून पूर्ण चार्ज व्हायला एका युनिटचा साधारण तिसरा हिस्सा लागतो. पाय मारत गेले तर पंचवीसेक किलोमीटर निघतात. पाय न मारता नुसता थ्रॉटल, म्हणजे हँडलवरची मोटर चालवणारी मूठ, पिळत बसलं तर निघत नाहीत, हेही दुकानात सांगत नाहीत.

हाच गुणाकार मी बेंगळुरूला जाताना केला होता. मुलगा म्हणाला, घडीचीच आहे, विमानात घेऊन ये. विमानात १०० वॅट-अवरपर्यंतची बॅटरी चालते, १६० पर्यंत कंपनीची परवानगी घेऊन, त्याच्या वर नाहीच. माझी २८०. म्हणजे विमानाच्या बाबतीत घडीचा काहीच उपयोग नाही, आणि दुकानात तर मला "कुठेही न्या" सांगितलं होतं!

मेट्रोत मात्र जमतं. सायकल घेऊन चढता येतं, स्टेशनांत लिफ्ट आहेत. फक्त सीताबर्डी स्टेशनला ॲक्वा लाइनमधून ऑरेंज लाइनमध्ये बदलताना मी घडी घालत नाही. घडी घातलेली माझी सायकल ढकलता येत नाही, उचलावीच लागते. उघडी ठेवली की ती शहाण्या वासरासारखी बाजूनं चालते. लिफ्टमध्ये शिरली, बाहेर आली, झालं. डब्यात चढल्यावर घडी घालायची आणि दोन पायांमध्ये धरून बसायचं. म्हणजे घडीचा उपयोग जागा वाचवायला आहे, उचलायला नाही. हे मला कळायला एक नडगी आणि एक कुर्ता खर्ची पडला.

परवा एक नववीतली पोरगी माझ्याकडे बघत होती डब्यात. "मॅडम, ही चालते कशी?" मी इंदोऱ्याला उतरेपर्यंत तिला सांगत होते. पेडलजवळचा सेन्सर, ब्रेक दाबला की मोटर बंद करणारी वायर. तिचे डोळे असे मोठे झालेले! घरी बाबांना सांगते म्हणाली. म्हणून तर जास्त राग येतो. त्या पोरीचे बाबा दुकानात जातील आणि तिथे त्यांना पिशवीची गोष्ट सांगतील.

आता माझी सायकल तिसऱ्या मजल्यावर येत नाही. आल्यावर खाली घडी घालते. दांडा उघडला की बॅटरी त्यातून सरकून बाहेर येते, साधारण दोन किलोची. ती कापडी पिशवीत, जेवणाच्या डब्याच्या बाजूला. (पिशवीत जाते ती एवढीच, भाऊ.) सायकल जिन्याखाली, एका स्कूटीच्या निम्म्या जागेत, ग्रिलला साखळी लावून. शेजारच्या काकूंनी आधी कटकट केली, मग त्यांनीच जिन्याखालची रिकामी पोती हलवून जागा करून दिली. उन्हाळ्यात बाहेरून आणलेली बॅटरी तापलेली असते, ती अर्धा-पाऊण तास पंख्याखाली ठेवते, निवल्यावर चार्जर लावते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि तापलेली बॅटरी चार्ज करायची नसते. हे मला कंपनीच्या पुस्तकात बारीक अक्षरात सापडलं, दुकानात कुणी बोललं नाही.

रस्त्यांचं एकच सांगते. चाकं वीस इंचाची. सिमेंट रस्ता आणि कडेला बसवलेले सिमेंटचे ठोकळे, म्हणजे गट्टू, यांच्यामध्ये जो उंबरा असतो ना, मोठ्या चाकाला तो कळतही नाही. छोट्या चाकाला दणका बसतो, तो थेट बिजागरीला जातो. बिजागरीची कडी दर आठवड्याला हलवून बघा. ढिली वाटली तर त्या दिवशी चालवू नका.

तर दुकानात. मी काकांना म्हटलं, काका, एकदा स्वतः उचलून बघा. पोरगा चिडला. "मॅडम, तुम्ही आपलं काम करा नं." मी म्हटलं हेच माझं काम आहे. त्याचं वय पाहून आवाज खाली आणला खरा. त्यालाही महिन्याचं टार्गेट असेल, आणि त्यानं स्वतः कधी ती जिन्यावरून नेली नसेल. पण न उचललेल्या वस्तूबद्दल म्हाताऱ्या माणसाला शब्द देऊ नये रे.

काकांनी चष्मा काढून खिशात ठेवला. वाकले, दोन्ही हातांनी धरली, उचलली. दुकानाच्या दारात दोन पायऱ्या आहेत. एक चढले. मग हळूच खाली ठेवली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "अहो ताई, सिलिंडरएवढं आहे हो हे."

मी त्यांना सिलिंडरवाल्याचं काही सांगितलं नव्हतं.

आम्ही अर्धा तास बोलत बसलो. त्यांच्या जिन्याखाली जागा आहे, मीटरच्या बाजूला, पण सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारावं लागेल. बॅटरी तेवढी वर न्यायला जमेल म्हणाले. आज घेतली नाही, विचारून येतो म्हणाले. मी माझा नंबर दिलाय.

आणि तुमच्यापैकी ज्यांना घ्यायची आहे त्यांनी दुकानात जायच्या आधी माझ्याकडे या. रविवारी सकाळी घरीच असते. माझी सायकल खाली आहे, तिला तिसऱ्या मजल्यापर्यंत स्वतः उचलून आणा. लोहचुंबकाला दोरी बांधून देते, नडगीला लागणार नाही. वर आलात की चहा आणि तर्री पोहे तयार असतील.